नकाशात पाणी आटलेलं, गावात तुडुंब: दरवर्षी येणारी तीच अडचण

लक्षण असं. उपग्रहाच्या चित्रावरून तुम्ही गावच्या पाण्याचा किंवा हिरवाईचा नकाशा केला. शेजारी मागच्या वर्षीचा ठेवला. यंदा पाणी निम्म्यावर आलेलं दिसतंय, नाहीतर अख्ख्या शिवाराची हिरवळ उतरलेली दिसतेय. नकाशा ग्रामसभेत भिंतीला लागतो आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, "हे कोणाचं गाव म्हणायचं?" पुढची दहा मिनिटं हशा. मग नकाशाची गुंडाळी होते आणि ती कपाटावर जाते.

मी निफाड, दिंडोरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या गावांना असे नकाशे करून देतो. काही ठिकाणी जैवविविधता समितीतल्या पोरापोरींना करायलाही शिकवतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला समिती आणि नोंदवही दिली, पण नोंदवहीतलं तळं यंदा किती उरलं हे सांगणारं साधन मात्र ज्याचं त्याने शोधायचं. ते साधन आज फुकट आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं दर पाच दिवसांनी येतात, त्यांना पैसे लागत नाहीत. तरी दर हिवाळ्यात फोन येतोच: "सर, सॉफ्टवेअर चुकतंय."

सॉफ्टवेअर सहसा चुकत नसतं. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने खाली लिहितोय. पहिल्या दोन गोष्टींतच बहुतेक प्रकरणं मिटतात.

आधी पानवेली बघा

नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यालगतचं एक गाव. फेब्रुवारी महिना. समितीला ठरवायचं होतं की पानवेली (जलपर्णी) काढायचं काम कुठून सुरू करायचं आणि त्यासाठी यंत्राची मागणी किती दिवसांची करायची. मी मोठ्या तोऱ्यात नकाशा लावला. निळा भाग नोव्हेंबरच्या निम्म्याहून कमी. सरपंचताई बघत राहिल्या. मासेमारी करणारे एक नाना शेवटी म्हणाले, "पाणी निम्मं झालं म्हणता, मग माझी होडी काय डांबरीवर चालते का?"

बैठक संपल्यावर ते मला काठावर घेऊन गेले. समोर या थडीपासून त्या थडीपर्यंत हिरवंगार. जांभळी फुलंसुद्धा आलेली. नानांनी होडीतला बांबू त्या हिरव्यात उभा खुपसला. तो जवळजवळ पूर्ण आत गेला. दीड पुरुष पाणी होतं.

झालं होतं ते इतकंच. पाण्याचा जो निर्देशांक आपण सर्रास वापरतो, एनडीडब्ल्यूआय, त्यात हिरव्या प्रकाशाचा आकडा आणि निअर इन्फ्रारेडचा (लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा) आकडा यांची तुलना असते. उघडं पाणी निअर इन्फ्रारेड गिळून टाकतं, म्हणून उत्तर शून्याच्या वर येतं. जिवंत पान नेमकं उलट करतं, निअर इन्फ्रारेड जोरात परत फेकतं, आणि उत्तर शून्याखाली जातं. पानवेलीने झाकलेलं पाणी उपग्रहाला पाणी वाटतच नाही, त्याला दिसतं ते पान. पानाखाली काय आहे ते त्याला ठाऊक नाही. तुम्ही ज्याला "आटलेलं पाणी" म्हणून लाल रंगवलंत तीच नेमकी पानवेल असते. म्हणजे समितीला हवा होता तो नकाशा माझ्याकडे होताच, फक्त नाव चुकीचं दिलं होतं.

उपाय: पाण्याची कड दर महिन्याला नव्याने शोधू नका. पावसाळा संपल्यावर, पुराने पानवेल वाहून गेलेली असते तेव्हाचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरचं एक स्वच्छ चित्र घ्या. त्यावर जलाशयाची भरलेली कड एकदाच आखा आणि जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक चित्रात त्या कडेच्या आत दोन हिशेब करा: उघडं पाणी किती, आणि एनडीव्हीआय (निअर इन्फ्रारेड आणि लाल यांच्या तुलनेतून निघणारा हिरवाईचा निर्देशांक) ०.४ च्या वर गेलेलं हिरवं किती. ०.४ हा आकडा काही वेदवाक्य नाही. तुमच्या काठावरची एक खात्रीची पानवेलीची जागा घेऊन तिथे किती येतो ते बघा आणि मग ठरवा.

इथे थांबलात तर पुढच्या वर्षी फसाल. मी फसलो. कडेच्या आतलं सगळं हिरवं "पानवेल" म्हणून रंगवलं आणि यंत्र कुठे लावायचं त्यावर लाल गोल काढले. एक गडी उठून म्हणाला, "साहेब, तो गोल पुसा. पानवेल नाही ती, माझा हरभरा आहे."

गाळपेर. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर पीक घेतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. संगणकासमोर बसल्यावर विसरलो. पानवेल, गाळपेरीचा हरभरा आणि काठावरचं पाणकणीस या तिन्हींचा एनडीव्हीआय जवळपास सारखा येऊ शकतो. एका चित्रावर त्यांची फोड करत बसण्यात अर्थ नाही. पाच किंवा दहा दिवसांच्या अंतराची दोन चित्रं एकावर एक ठेवा. पानवेल तरंगती आहे, वाऱ्याने आणि प्रवाहाने तिचे तवंग सरकतात, बंधाऱ्याच्या दारांशी गोळा होतात. हरभरा जागचा हलत नाही. पाणकणीसही हलत नाही, पण ते दर वर्षी त्याच पट्ट्यात असतं आणि त्याला बांध नसतात. गाळपेरीला सरळ रेषा असतात, त्या १० मीटरच्या (म्हणजे एक ठिपका १० मीटरचा) चित्रातही कळतात. एवढं करूनही शंका उरली तर नानांसारख्या कुणालातरी विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक फाटा याच विषयाचा. "मागच्या १२ फेब्रुवारीशी यंदाची १२ फेब्रुवारी" अशी तुलना कागदावर शहाणपणाची दिसते, पण कालव्याला आवर्तन कधी सुटलं त्यावर पातळी ठरते. मागच्या साली आवर्तनाच्या आधीचं चित्र आणि यंदा आवर्तनानंतरचं, तर पाणी कमी दिसणारच. त्यात निसर्गाचा काही दोष नाही. पाटबंधारे खात्याच्या शाखेत पातळीची नोंद असते. तारीख नव्हे, पातळी जुळणारी चित्रं निवडा. नांदूरमध्यमेश्वर गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा आहे, राज्यातलं पहिलं रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं) पाणस्थळ म्हणून २०२० मध्ये जाहीर झालेला. तिथला नकाशा पक्षीवाले, मच्छीमार आणि खालचे कालवेवाले असे तिघेही बघतात, आणि तिघांचं "पाणी" वेगळं असतं. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात पातळीचा आकडा लिहाच.

जानेवारी २०२२ नंतर सगळंच सुकलेलं दिसतंय का?

हा प्रकार अगदी वेगळा, आणि यात पोळलेला मी एकटा नाही. दिंडोरीतल्या काही गावांचा २०१९ पासूनचा हिरवाईचा आलेख केला होता. २०२२ च्या सुरुवातीला तो एकदम खाली येतो आणि पुन्हा वर जातच नाही. मी त्याला कारणही दिलं होतं, अवकाळी पाऊस आणि भुरी. छान आत्मविश्वासाने दिलं होतं. कृषी सहायक म्हणून काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, रोग म्हणावा तर द्राक्षाला, उसाला आणि आमराईला एकाच आठवड्यात कसा काय पडला?"

रोग नव्हताच. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपच्या अवकाश संस्थेने सेंटिनेल-२ च्या आकड्यांची मांडणी बदलली. अगदी काळोख्या जागांची शून्याखाली जाणारी मूल्यं कापली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पिक्सेलच्या (चित्रातल्या ठिपक्याच्या) आकड्यात १००० मिळवले जातात. वापरणाऱ्याने ते वजा करून घ्यायचे असतात. आपण करत नाही, कारण जुन्या टिपणात तसं लिहिलेलं नसतं.

हिशेब करून बघा. दाट पानांची बाग: निअर इन्फ्रारेड ३०००, लाल ५००. फरक २५००, बेरीज ३५००, एनडीव्हीआय ०.७१. आता दोन्हींत हजार मिळवा: ४००० आणि १५००. फरक तोच २५००, बेरीज मात्र ५५००. उत्तर ०.४५. बाग होती तिथेच आहे, एक पानही गळलेलं नाही, आणि नकाशात ती गर्द हिरव्यातून पिवळ्यात गेली.

पाण्यात हा दोष जरा लबाडीने येतो. दोन्ही आकड्यांत सारखीच भर पडल्यामुळे उत्तराचं चिन्ह बदलत नाही, म्हणून शून्याच्या वर ते पाणी असा नियम लावणाऱ्यांना काहीच जाणवत नाही. पण कुणी सीमा ०.२ किंवा ०.३ ठेवली असेल तर हिरवा ६००, निअर इन्फ्रारेड २०० असं चांगलं पाणी ०.५ वरून ०.१४ वर येतं आणि नकाशातून गायब होतं. एकाच तालुक्यात दोन जणांचे नकाशे जुळत नाहीत, भांडण होतं, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

तपासायचं कसं: डाउनलोड केलेल्या फाइलच्या लांबलचक नावात इंग्रजी एन आणि त्यापुढे चार आकडे असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर हजार वजा करायचे आहेत. नुसती तारीख बघून चालत नाही. संस्थेने जुनी चित्रंही नव्या पद्धतीने पुन्हा तयार केली आहेत, तेव्हा २०१९ चं चित्र आज नव्याने उतरवलंत तर त्यातही हजार असू शकतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एनडीव्हीआयसाठी सोपी युक्ती अशी: वरचा भाग तसाच ठेवा, बँड ८ (निअर इन्फ्रारेड) उणे बँड ४ (लाल), आणि खालच्या बेरजेतून २००० वजा करा. गूगल अर्थ इंजिन वापरत असाल तर नावात "हार्मोनाइज्ड" असलेला संच घ्या, त्यात हे आधीच सरळ केलेलं आहे. आणि कोपर्निकस ब्राउझरमध्ये ऑनलाइनच एनडीव्हीआय बघत असाल तर हा अख्खा भाग विसरा, तिथे हा प्रश्न येत नाही.

त्यामुळे हल्ली गावातल्या नवख्याला मी क्यूजीआयएस आधी शिकवतच नाही. ब्राउझर उघडा, गाव शोधा, तारीख निवडा, बस्स. इन्स्टॉल करण्यात पहिला दिवस गेला की दुसऱ्या दिवशी निम्मे लोक येत नाहीत.

छाटणीचा महिना

थोडक्यात सांगतो, कारण नाशिककरांना हे समजावायला नको. समजावावं लागतं ते बाहेरून आलेल्या सल्लागारांना. द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. छाटणी झालेली बाग वरून उघड्या जमिनीसारखी दिसते. मागच्या साली चित्र छाटणीच्या आधी पडलं आणि यंदा नंतर, तर पिंपळगाव-दिंडोरीचा अख्खा पट्टा "उजाड" होतो. कुणीतरी त्यावर वृक्षतोडीचा अहवाल लिहितो. झाडांची तोड शोधायची असेल तर एका तारखेवर विश्वास ठेवूच नका. वर्षातली सात-आठ चित्रं घ्या आणि प्रत्येक जागेची सर्वांत जास्त हिरवाई किती होती ते बघा. छाटलेली बाग दोन महिन्यांत पुन्हा वर येते, तोडलेली आमराई येत नाही. कांद्याचंही लक्षात ठेवा, त्याची पात विरळ. उन्हाळ कांद्याचं भरलेलं शेत नकाशावर अर्धवट उगवल्यासारखं दिसतं. ते पीक बुडालेलं नाही.

ढग, सावली आणि सातपूरचा कायमचा पावसाळा

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हे दोन देश आहेत. पूर्वेकडच्या तालुक्यांत जुलैतही एखादं स्वच्छ चित्र मिळून जातं. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला जून ते सप्टेंबर चित्र उघडलं की पांढरी गोधडी. तिथे सेंटिनेल-१ चं रडार वापरावं लागतं, ते ढगांतून आरपार बघतं. शांत पाणी रडारमध्ये काळं दिसतं.

पण भात आवणीच्या पंधरवड्यात हा प्रयोग करू नका. खाचरं पाण्याने भरलेली असतात आणि रडारचा नकाशा म्हणतो की अर्धा तालुका बुडालाय. एकदा असा नकाशा पूरग्रस्त गावांच्या यादीसाठी निघाला होता, तो वेळेवर कुणाच्या तरी लक्षात आला. आवणी कुठे कधी संपते हे उपग्रह सांगत नाही, कोतवाल सांगतो.

सावलीचा घोळ हिवाळ्यातला. सेंटिनेल-२ आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला आणि खालीच असतो, त्यामुळे ब्रह्मगिरी, अंजनेरीच्या वायव्येकडच्या कड्यांखाली लांब काळ्या सावल्या पडतात. काही सूत्रांना त्या पाणी वाटतात. कड्याच्या पायथ्याला अचानक तळं उगवलं तर हेच कारण. मार्चचं चित्र लावून बघा, तळं आटलेलं असेल. वणव्यात जळालेलं काळं गवतही याच माळेतलं.

आणि ढग आपोआप काढून टाकणारा जो थर चित्रासोबत येतो, त्यावर डोळे झाकून विसंबू नका. चकचकीत पत्रा त्याला ढगासारखा भासतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडांवर त्याच्या मते बाराही महिने ढग असतात. शहराचा नकाशा करणाऱ्यांनी हा थर लावण्याआधी एकदा नुसत्या डोळ्यांनी चित्र बघावं.

गाव सरकलंय

गावाची हद्द टाकली आणि ती नदीच्या पलीकडे गेली, ही तक्रार पानवेलीच्या खालोखाल येते. बघायचं एकच: सरक सगळीकडे सारखी आहे का? सगळी हद्द एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकली असेल तर मोजमापाची पद्धत चुकली आहे. जुने टोपोशीट (सरकारी नकाशे) एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आधारलेले, उपग्रहाचं चित्र डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. नाशिक जिल्ह्यासाठी प्रकल्पाची सेटिंग ईपीएसजी ३२६४३ ठेवा, म्हणजे यूटीएम पट्टा ४३ उत्तर, आणि जुन्या थराला त्याची स्वतःची खरी पद्धत द्या. नवी पद्धत त्यावर नुसती चिकटवू नका, त्याने घोळ वाढतो.

एका कोपऱ्यात वीस मीटर आणि दुसऱ्यात ऐंशी मीटर अशी वाकडी सरक असेल तर स्कॅन केलेला गावनकाशा नीट बसवलेला नाही. पुन्हा बसवावा लागेल. खुणेच्या जागा निवडताना विहीर, पुलाची दोन टोकं, रस्त्याचा तिठा, देवळाचा कोपरा अशा घ्या. नदीची कड आणि झाड घेऊ नका, दोन्ही आपल्या जागा बदलतात. चार खुणा किमान, आठ असतील तर बरं, आणि त्या कडांना पसरलेल्या असाव्यात. सगळ्या गावठाणातच घेतल्या तर शिवाराची टोकं पुन्हा भरकटतात.

क्षेत्र सांगताना मात्र एक गंमत आपल्या बाजूची आहे. सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. सातबाऱ्यावर आपण ज्याला एक आर म्हणतो तोच. शंभर पिक्सेल म्हणजे एक हेक्टर. नकाशाखाली "०.०३४ चौरस किलोमीटर" असं छापून आलेलं मी पाहिलंय, बैठकीत त्याचा अर्थ कुणालाही लागत नाही. "३ हेक्टर ४० आर" म्हटलं की तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेवढी जमीन उभी राहते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा पिक्सेल ३० मीटरचा, तो नऊ आरांचा. म्हणून नंदिनी किंवा वाघाडीसारख्या अरुंद नद्यांची जुनी स्थिती लँडसॅटवर शोधू नका, त्या पिक्सेलमध्ये काठ, घरं आणि पाणी यांची खिचडी होते. लँडसॅट-७ ची मे २००३ नंतरची चित्रं तर पट्ट्यापट्ट्यांची आहेत, त्याच्या एका यंत्रणेतला बिघाड तेव्हापासूनचा. त्या पट्ट्या म्हणजे नांगरट नव्हे. हेही मला एकदा समजावून सांगावं लागलं आहे.

शेततळ्यांबाबत तेच. ३० बाय ३० मीटरचं शेततळं पिक्सेलांच्या चौकटीत सरळ बसलं तरी निखळ पाण्याचे पिक्सेल खात्रीने चारच मिळतात, बाकीचे काठाशी भागीदारीत. २० मीटरचा बँड वापरणाऱ्या सूत्रात एकही निखळ न मिळण्याची शक्यता असते. तेव्हा शेततळं आहे का नाही एवढंच सांगा, त्याचं क्षेत्र सांगायला जाऊ नका. आणि बांधाचा वाद कुणी पिक्सेल दाखवून सोडवायला लागला तर त्याला हात जोडा. मोजणी भूमी अभिलेखवाल्यांचीच.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

गावांची, ओढ्यांची नावं मराठीत भरली, फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, आणि सगळीकडे प्रश्नचिन्हं. दोष शेपफाइलचा, म्हणजे नकाशाची माहिती ज्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवतो तिचा. तो प्रकार जुना, त्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट्स मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट्स खातं. म्हणजे काना-मात्रा धरून तीन चिन्हं. "पाणवठा" हे नाव मावत नाही, "पाण" वर तुटतं. जिओपॅकेज हा नवा फाइलप्रकार वापरा, त्यात ही कटकट नाही. शेपफाइलच द्यायची सक्ती असेल तर साठवताना यूटीएफ-८ निवडा आणि सोबत तयार होणारी, अक्षरांची पद्धत सांगणारी सीपीजी फाइल विसरून मागे ठेवू नका. बहुतेक वेळा ती चिमुकली फाइलच व्हॉट्सॲपवर पाठवायची राहून गेलेली असते.

हे सगळं सुटल्यावरही नकाशा कपाटावरच जात असेल तर

मग अडचण चित्रात नाही. नकाशा ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्या हातात कसा पडतो ते बघा. आम्ही सुरुवातीला लिंक पाठवायचो. लिंक उघडायला खातं लागतं, खात्याला ओटीपी, ओटीपी येतो तो संगणक चालवणाऱ्याच्या मोबाइलवर, आणि तो त्या दिवशी पंचायत समितीत. आता मी ए-३ कागदावर छापील प्रत देतो आणि तीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाकतो. फोटो म्हणून टाकली तर आकसते आणि अक्षरं वाचता येत नाहीत.

रंगांचंही बघा. आभासी रंगांच्या चित्रात झाडी लाल दिसते. आपल्याला सवय आहे, पण सरपंचताईंनी सगळं लाल बघून घाबरून विचारलं होतं, "एवढं नुकसान?" ते जंगल होतं. गावात नेताना नैसर्गिक रंगच न्या. त्यावर तीनच गोष्टी रंगवा, आणि शाळा, पूल, देऊळ, पाण्याची टाकी एवढ्या खुणा ठळक. माणूस आधी स्वतःचं घर शोधतो, ते सापडलं की बाकीचं वाचतो.

गोदाकाठच्या त्या गावात आता कागदाच्या उजव्या बाजूला एक रिकामा उभा रकाना सोडतो, वर लिहिलेलं असतं "गावाचं म्हणणं". बैठकीत जो कुणी "हे चुकलंय" म्हणेल त्याने तिथेच पेनाने लिहायचं, आणि मी परत आल्यावर ते जिओपॅकेजमध्ये तारखेसह भरतो. मागच्या खेपेला त्यात अकरा नोंदी आल्या. त्यातल्या सात गाळपेरीच्या होत्या, दोन पुलाखालच्या डोहाच्या नावावरून, एक कुणाच्या तरी बांधाबद्दलची तक्रार, जिचा नकाशाशी काही संबंध नव्हता. अकरावी नानांची. त्यांनी पुलाच्या वरच्या अंगाला बोटाने रेघ ओढून दाखवली आणि कुणाकडून तरी लिहून घेतलं: पानवेल अडवायला बांबूचा अडसर इथे बांधा, तिकडे खाली बांधून उपयोग नाही, तिथे धार वळते. मी चार तारखांची चित्रं काढून तवंग कुठून कुठे सरकतो ते तपासलं. धार तिथेच वळत होती.